नानांचा कुलवृत्तांत आणि आमचा नवा कॉम्प्युटर

13 सप्टेंबर 2025 च्या रात्री साडेदहाला नानांचं इन्कम टॅक्स रिटर्न भरता भरता आमच्या कॉम्प्युटरने मान टाकली. मुदत 15 तारखेची होती. (पुढे ती एक दिवस वाढली, पण तेव्हा कुणाला ठाऊक?) फोनवर ओटीपी यायचा आणि तो टाकायची चौकट पडद्यावर उमटेपर्यंत त्याची वेळ संपलेली असायची. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा, रात्री बारा वाजून गेल्यावर, रिटर्न गेलं. नाना म्हणाले, "सूनबाई, आता ह्याला निवृत्त करा. मलाही अठ्ठावन्नला केलं होतं."

नाना म्हणजे माझे सासरे. वय 78, निवृत्त मराठी शिक्षक. कॉम्प्युटर 2014 चा, इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, 4 जीबी रॅम (चालू कामापुरती स्मृती), 500 जीबीची हार्ड डिस्क. आला तेव्हा त्यात विंडोज 7 होतं, 2016 मध्ये फुकट अपग्रेड मिळत होतं तेव्हा विंडोज 10 केलं. सुरू व्हायला सात मिनिटं लागायची. बटण दाबून नाना चहा टाकायचे, गाळून आणायचे, तरी गोल चक्र फिरतच असायचं.

हे सगळं लिहिते आहे कारण डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अजून लोक विचारतात, "कुठला घेऊ?" मीही तेच विचारत होते आणि सात जणांनी सात उत्तरं दिली होती.

सप्टेंबरात त्याच ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरत होता: 14 ऑक्टोबरला विंडोज 10 चे सगळे कॉम्प्युटर बंद पडणार. तसं नव्हतं. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार थांबणार होता, म्हणजे सुरक्षेची ठिगळं येणं बंद. मशीन चालूच राहणार. शिवाय साइन इन करून बॅकअप चालू ठेवला तर घरगुती वापरासाठी पैसे न देता 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतील, अशीही सोय होती. मशीन बऱ्यापैकी पळत असेल आणि घाई नसेल तर तेवढंही पुरतं. आमचं पळत नव्हतं.

बंगळूरहून लेकीने फोनवर पीसी हेल्थ चेक नावाचा मायक्रोसॉफ्टचा छोटा प्रोग्राम चालवायला लावला. विंडोज 11 चालेल का, हे तो सांगतो. आमच्याकडे दोन लाल फुल्या आल्या: प्रोसेसर चालणार नाही, आणि टीपीएम 2.0 नाही. टीपीएम म्हणजे मशीनमधली सुरक्षेची चिप, एवढंच मी लक्षात ठेवलं. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. जुनं मशीन विकत घेणाऱ्यांनी हा आकडा विसरू नये. "आय-फाइव्ह आहे हो मॅडम" असं सांगून सहाव्या पिढीचं गळ्यात मारणारे भेटतात. मला दोन भेटले.

मग कालनिर्णयाच्या उलटलेल्या पानामागे आम्ही यादी केली. काय घ्यायचं याची नव्हे, घरी कॉम्प्युटरवर नक्की काय होतं याची. माझं काम सोसायटीच्या हिशोबाचं. खजिनदारपद तीन वर्षं माझ्याच गळ्यात आहे, आणि ऑडिटरला हवा असलेला प्रोग्राम फक्त विंडोजवर चालतो. नवऱ्याचं काम फोटो साठवणं आणि जुनी नाट्यगीतं ऐकणं. हयातीचा दाखला आता मोबाइलला चेहरा दाखवून होतो, तो यादीतून काटला. लेझर प्रिंटर आठ वर्षांचा, पण ठणठणीत. आणि शेवटी नानांच्या अक्षरात: "कुलवृत्तांत, पृष्ठे 214."

हा कुलवृत्तांत नाना 2003 पासून टाइप करत आहेत. कोकणातलं मूळ गाव, सात पिढ्या, कोण कुठे दत्तक गेलं, कुणी आडनाव बदललं. सगळा मजकूर एका जुन्या मराठी प्रोग्राममध्ये. त्याला एक डोंगल लागतो, म्हणजे मागे खोचायचं कुलूप. ते काढलं की प्रोग्राम उघडत नाही. आणि अक्षरं युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना सारखीच कळणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फाँटातली. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती फाइल उघडली की "Ö", "Ë", "•" अशी रांगोळी दिसते. पुढे जे काही ठरलं त्यातलं बरंचसं ह्या एका ओळीने ठरवलं. प्रोसेसरचा त्यात फारसा हात नव्हता.

लॅपटॉप नको हे लगेच ठरलं. नानांची मान आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे बघता मोठा पडदा हवा होता आणि तो डोळ्यांच्या पातळीला हवा होता. मॉलमध्ये ऑल-इन-वन (पडद्यातच सगळा कॉम्प्युटर) बघितला, दिसायला देखणा, साठ हजारांच्या आसपास. पण पडदा गेला तर सगळंच दुकानात न्यायचं, हे मनाला पटेना. लेकीने ॲपलचा मॅक मिनी सुचवला. तो तेव्हा 59,900 पासून सुरू होत होता, त्यात पडदा, कीबोर्ड, माउस काही नाही, आणि ऑडिटरचा प्रोग्राम चालणार नाही. तो विषय तिथेच मिटला.

22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू होणार होते. थांबलो तर स्वस्त पडेल म्हणून आम्ही आठवडाभर थांबलो. काही फरक पडला नाही. कॉम्प्युटरला आधीही 18 टक्के होता आणि नंतरही 18 टक्केच राहिला. 32 इंचांहून मोठा मॉनिटर घेणाऱ्यांचा फायदा झाला. आमच्या हॉलमध्ये तेवढा पडदा लावला तर देवघर हलवावं लागेल.

त्या आठवड्यात एक काम मात्र झालं. लेकीने सांगितल्याप्रमाणे लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी यंत्रणा, इंटरनेटवरून उतरवून घेतलं. फाइल जवळजवळ तीन जीबीची, पैसे काही नाहीत. विंडोजवरच रूफस नावाचा प्रोग्राम वापरून ती 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवली (पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, त्यामुळे लग्नाच्या फोटोंचा पेन ड्राइव्ह घेऊ नका). मशीन सुरू होताना एफ-11 दाबून पेन ड्राइव्हवरून चालू करायचं. काही मशीनना एफ-12 लागतं, काहींना आणखी वेगळं. गंमत अशी की ह्यात काही इन्स्टॉल करावं लागत नाही. सगळं पेन ड्राइव्हवरूनच चालतं, आवडलं नाही तर काढून ठेवायचं, मूळ विंडोज जसंच्या तसं.

मिंटच्या प्रत्येक आवृत्तीला मुलीचं नाव असतं. आमची 22.2, नाव झारा. तिला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. नाना म्हणाले, "बारसं झालेलं आहे, म्हणजे घरंदाज दिसते."

मग त्यांनी परीक्षा घेतली. मराठीच्या मास्तरांची परीक्षा एकच: "आचार्यांना बोलवा, आचाऱ्यांना बोलवू नका." कीबोर्डाच्या यादीत मराठी सापडलं, इनस्क्रिप्टची (भारतीय लिपींच्या कीबोर्डाची) मांडणी तीच, क, ग, द आपापल्या जागी. नानांनी शिफ्ट धरून 'J' ची कळ दाबली, मग हलन्त, य, काना, आणि पडद्यावर चंद्रकोरीसारखा अर्धा र असलेला स्वच्छ "ऱ्या" उमटला. जुन्या प्रोग्राममध्ये ह्या एका अक्षरासाठी ते वेगळा तक्ता उघडून ठेवत. "पास," ते म्हणाले.

प्रिंटर मात्र नापास. त्याच्या कंपनीचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्राम) विंडोजपुरताच, आणि मिंटवर तो कोरे कागद बाहेर टाकत राहिला. अकरा कोरे कागद. जुना मराठी प्रोग्राम तर मिंटवर उघडलाच नाही, तशी अपेक्षाही नव्हती. पण त्या प्रोग्रामच्या विक्रेत्याला फोन केला तेव्हा कळलं की आमच्या आवृत्तीचा डोंगल विंडोज 11 वरही चालणार नाही. नवी आवृत्ती विकत घ्यावी लागेल. म्हणजे काहीही घेतलं तरी कुलवृत्तांत युनिकोडमध्ये आणणं टळत नव्हतं. हे मला आधी कळलं असतं तर तीन रात्रींची झोप वाचली असती.

खरेदीला लॅमिंग्टन रोड, मुंबईचा कॉम्प्युटर बाजार. 28 सप्टेंबरला गेलो, आणि तो रविवार होता. बहुतेक शटर खाली. मुंबईत आयुष्य काढून हे लक्षात नसावं! ग्रँट रोड स्टेशनबाहेर वडापाव खाऊन परत आलो.

दसऱ्याला नव्या मशीनची पूजा करायचा बेत होता, तो राहिला. नानांनी जुन्यालाच झेंडूचा हार घातला आणि वर आपट्याचं पान ठेवलं.

4 ऑक्टोबरला, शनिवारी, पुन्हा गेलो. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, पूर्वेला बाहेर पडायचं. तीन दुकानांतून कोटेशन घेतली. एकाने 31,400 सांगितले, मी खूश. चिठ्ठीच्या खाली बारीक अक्षरात "जीएसटी वेगळा". म्हणजे आणखी 5,652. दुसऱ्याचे सगळं धरून 37,450. फरक फक्त 398 रुपयांचा निघाला, आणि दुसरा माणूस बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर टाकायला तयार होता. वॉरंटी भागाभागाची वेगळी असते, दुकानाची नसते. पुढे बोर्ड बिघडला तर तो नंबरच उपयोगी पडतो.

यादी अशी: इंटेल आय-थ्री 12100 चे 10,200, एच-610 बोर्ड (ज्यावर बाकीचे भाग बसतात) 6,300, 8 जीबीच्या दोन रॅम 4,400, 500 जीबीची एनव्हीएमई एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी वेगवान साठवण) 3,100, कॅबिनेट 1,900, एसएमपीएस (भागांना वीज पुरवणारा डबा) 2,400, 24 इंची मॉनिटर 8,200, कीबोर्ड-माउस 950. घरच्या कामाला ग्राफिक्स कार्ड लागत नाही, ह्या प्रोसेसरमध्येच पडद्यापुरतं ते असतं. दुकानातला मुलगा ते विकायला बघत होता, पण मागे लागला नाही. एसएमपीएसबद्दल मात्र मी अडून बसले. कॅबिनेटबरोबर जो फुकटात येतो तो नको, नावाजलेल्या कंपनीचा 450 वॉटचा द्या म्हटलं. आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते-येते, आणि 2019 मध्ये तसल्याच एका फुकटच्या एसएमपीएसने आमचा बोर्ड घेऊन जीव सोडला होता.

"विंडोज टाकून देऊ? फ्री," असं तिन्ही दुकानांत विचारलं. एकाने तर सहाशे रुपयांत "ओरिजिनल की" देऊ केली. सोसायटीच्या 64 घरांचे हिशोब असल्या विंडोजवर ठेवायची माझी हिंमत झाली नाही. विंडोज 11 होमचं लायसन्स बिलासह घेतलं, 9,800. हा आकडा टोचला, खोटं कशाला बोलू. आय-थ्रीच्या जवळपास तेवढेच पैसे.

जोडणी आमच्यासमोर झाली, दीड तास लागला. पडदा उजळलेला बघून, पैसे देऊन, टॅक्सीने सीएसएमटी गाठलं. तिथून गाडी सुटते, त्यामुळे बसायला मिळतं. मालडब्यात कॅबिनेटचा खोका, मॉनिटरचा खोका, आम्ही दोघं, आणि सुक्या मासळीच्या पाट्या. घरी पोचल्यावर दोन दिवस कॅबिनेटला वास येत होता असं नवरा म्हणतो. मला आला नाही.

रविवारी सकाळी बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळा. पोटात गोळा आला. दुकान बंद, रविवार! लेकीला व्हिडिओ कॉल लावला. तिने स्विच बंद करायला लावला, वायर काढायला लावली, कॅबिनेटची बाजू उघडायला लावली. "आई, रॅमच्या त्या दोन पट्ट्या काढ आणि परत बसव. टक् असा आवाज येईपर्यंत दाब." मला भीती, की मोडेल. एक टक् आला. दुसरा येईना. नवऱ्याने अंगठ्याने दाबलं, आला. पडदा उजळला. लोकलच्या धक्क्यांनी रॅम सैल झाली होती, एवढंच. तेव्हा सांगते, मशीन असं हलवून आणलंत आणि पडदा काळा दिसला तर आधी हे करून बघा, मग दुकानदाराला शिव्या द्या.

पुढची अडचण विंडोज लावताना आली. वाटेत ते इंटरनेट मागतं आणि त्याशिवाय पुढे सरकत नाही. आमच्या बोर्डावर वायफाय नाही, हे खरेदी करताना कुणी बोललं नाही आणि मी विचारलं नाही. राउटर आतल्या खोलीत. शेवटी मोबाइल यूएसबीच्या वायरने जोडून त्यावरून इंटरनेट दिलं. मग 450 रुपयांचा वायफाय डोंगल मागवला. बोर्ड घेताना "वायफाय आहे का?" एवढं विचाराच.

सोसायटीचे हिशोब 7 तारखेला नव्या मशीनवर आले, प्रिंटरही चालला. युपीएसची बॅटरी बदलली, 950. आता नानांना नव्या मशीनपुढे बसवायचं होतं. त्यांनी दोन दिवस बसून बघितलं. कोपऱ्यात हवामान येतं, बातम्या येतात, हे करून बघा ते करून बघा असं सुचवलं जातं. यातलं बरंचसं सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं आणि मी केलंही. पण तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "ती झारा कुठे आहे? ती मला काही विचारत नव्हती."

मी जरा खट्टू झाले. सत्तेचाळीस हजार घालून त्यांच्यासाठी आणलेलं मशीन, आणि त्यांना हवं जुनं. पण लेक म्हणाली, "अगं, बरंच झालं की." जुन्यासाठी 256 जीबीची एसएसडी घेतली, 1,750, आणि वापरलेली 4 जीबी रॅम, 650. 12 तारखेला बसवलं. इथे एक गोष्ट आम्ही शहाणपणाची केली: जुनी हार्ड डिस्क मशीनमधून काढूनच ठेवली आणि मग मिंट इन्स्टॉल केलं. इन्स्टॉल करताना डिस्क पुसू का असं विचारतात, आणि घाईत चुकीच्या डिस्कला हो म्हटलं जातं. जी डिस्क आतच नाही ती पुसली जाऊ शकत नाही. सगळ्या फाइलींच्या दोन प्रती त्याआधी वेगळ्या ठेवल्या होत्याच.

त्या अकरा वर्षांच्या मशीनला आता सुरू व्हायला अर्धं मिनिटही लागत नाही. नानांची चहाची वेळ चुकली आहे.

दिवाळीत लेक आली तेव्हा कुलवृत्तांत हातात घेतला. जुन्या फाँटाचा मजकूर युनिकोडमध्ये आणायचा तर फाँटचं नेमकं नाव माहीत हवं, प्रत्येक फाँटाचा कन्व्हर्टर वेगळा. चुकीचा लावला की अर्धं बरोबर येतं, आणि ते सगळ्यात वाईट, कारण चूक चटकन दिसत नाही. आमचा बरोबर सापडला तरी दोन खोडी उरल्या. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, जशी ती दिसते तशी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. त्यामुळे जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर गडबडतो आणि "स्थिती"चं "सि्थती" होतं. रफाराचं उलट. "गोवर्धन"चा "गोवधर्न" झाला. खापरपणजोबांचं नाव असं दिसल्यावर नाना काही वेळ बोललेच नाहीत.

वेलांटीनंतर लगेच हलन्त मराठीत येत नाही. म्हणून लिबरऑफिस ह्या लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये तेवढीच जोडी शोधली, की चुकलेल्या जागा सापडत गेल्या. रफारासाठी असा सोपा उपाय मिळाला नाही. ते पान पान वाचूनच. छापायचं असलं की नाना पीडीएफ पेन ड्राइव्हवर घेतात आणि माझ्या टेबलापर्यंत चालत येतात. डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे.

एकूण खर्च, लायसन्स, बॅटरी आणि जुन्याची डागडुजी धरून, 51,050 रुपये. हिशोबाचा प्रोग्राम नसता तर नव्या मशीनची गरजच नव्हती, 2,400 रुपयांत भागलं असतं, हे मला आता दिसतं. आणि एक: आम्ही घेतल्यानंतर रॅमचे भाव झपाट्याने चढले. एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली तशी कारखान्यांनी आपली क्षमता तिकडे वळवली. त्यामुळे माझ्या यादीतला रॅमचा आकडा बघून दुकानात भांडायला जाऊ नका.

डिसेंबर लागला. नाना 140 व्या पानावर आहेत, रोज तीन-चार पानं तपासतात, लाल पेनाने. जुनी हार्ड डिस्क कपाटात, नानींच्या पैठणीखाली ठेवली आहे. तिच्यावर त्यांनी एक चिठ्ठी चिकटवली आहे: "मूळ प्रत. कोणीही पुसू नये."